बॉम्बरची मागची खुर्ची

युद्ध संपलं तेव्हा कल्याणच्या पलीकडे, डोंगराकडच्या माळावर, लष्करी विमानांसाठी केलेली एक धावपट्टी होती. गोरं लष्कर जाताना तिथली विमानं स्वतःच मोडून गेलं. ट्रॅक्टर लावून शेपट्या तोडल्या, इंजिनांवर घण घातले. उरलेला पत्रा, वायरी, रबर आसपासच्या लोकांनी नेलं. एक बॉम्बर तेवढा धड राहिला, कारण तो माळाच्या टोकाला चिखलात रुतला होता आणि त्याच्या पंखात आग्या मोहोळ होतं. कुणी जवळ गेलं नाही.

स्वराज्यानंतर तीनचार वर्षांनी ठाण्यातल्या काही सुशिक्षित मंडळींनी युद्धवस्तूंचं संग्रहालय काढायचं ठरवलं. कोलशेतच्या वाटेवर, खाडीपासून जवळच, कौलांचा एक बंद पडलेला कारखाना होता. त्याची लांबलचक पत्र्याची शेड त्यांना मिळाली. शिरस्त्राणं, पाण्याच्या बाटल्या, दोन फुटक्या दुर्बिणी, एवढं जमलं. ते बघायला कोण येणार? म्हणून बॉम्बर आणायचं ठरलं. पंख उतरवून दोन ट्रकांवर घालून तो भिवंडीच्या रस्त्याने ठाण्यात आला, आणि आल्यावर समितीच्या लक्षात आलं की तो पुन्हा जोडायचा कसा हे कुणालाच ठाऊक नाही.

माझ्या दादाला ठाऊक होतं. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. कॉलेज सोडून हवाई दलात गेला आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर अगदी अशाच बॉम्बरमध्ये गनर, म्हणजे मागच्या तोफा चालवणारा, होता. परत आल्यावर तो ठाकुर्लीच्या वीजघरात फिटर म्हणून लागला. काम चोख करायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्याला बंद दार चालत नसे. कुठलंच. आमच्या डोंबिवलीच्या घरात मागच्या अंगणात संडास होता, तिथलंही दार तो उघडं ठेवायचा. शेजारपाजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. अण्णा, म्हणजे आमचे वडील, निवृत्त हेडमास्तर. ते म्हणायचे, "लष्करातून लोक शिस्त घेऊन येतात, हा लाज सोडून आला." आई युद्धाच्या काळातच गेली होती, त्यामुळे त्याची बाजू घेणारं घरात कुणी नव्हतं. मी घेत नसे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणाचा गैरसमज होणार नाही.

मी तेव्हा बावीस वर्षांची, शाळेत शिक्षिका. समितीचे चिटणीस ठाण्यातले तरुण वकील होते. त्यांच्या घरी माझी पत्रिका गेली होती आणि जुळलीही होती. पण निरोप येत नव्हता. मध्यस्थांनी अण्णांना स्पष्ट सांगितलं, "मुलगी पसंत आहे. मुलीच्या भावाबद्दल काहीबाही कानावर आलंय, म्हणून मुलाच्या आई थांबल्यात."

अशात एका रविवारी चिटणीस स्वतः आमच्याकडे आले. लग्नाचं बोलायला नव्हे, विमानाचं. दादा ओट्यावर सायकल उपडी करून चाक सरळ करत होता.

"तुमच्याइतका माहीतगार माणूस या बाजूला दुसरा नाही," चिटणीस म्हणाले. "एवढा ठेवा गंजून जाईल."

"जाऊ दे की," दादा म्हणाला.

अण्णा आतून बाहेर आले. "हा येईल. पुढच्या रविवारपासून येईल."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा कप चिटणिसांच्या हातात देत होते. मी म्हटलं, "जा ना रे. तुझंच विमान आहे." त्याने चाकाची आणखी एक तार पिळली आणि मान हलवली.

पुढचे तीन महिने दर रविवारी आम्ही दोघं गाडीने ठाण्याला जायचो आणि तिथून टांग्याने शेडवर. माझ्याकडे फलक लिहायचं काम दिलं होतं, अक्षर चांगलं म्हणून. चिटणीसही असायचे, आणि त्यासाठीच अण्णा मला पाठवत होते.

आता सांगायला विचित्र वाटतं, पण दादाला मी सुखात पाहिलं ते त्या तीन महिन्यांत. खाडीच्या खाऱ्या हवेने ॲल्युमिनियमवर पिठासारखी पांढरी भुकटी धरली होती. तो ती रॉकेलच्या फडक्याने पुसायचा, बारीक वाळूच्या कागदाने हळूहळू घासायचा, मग मेण लावायचा. टायरवर भार नको म्हणून त्याने पोटाखाली सागवानी ठोकळे बसवून घेतले. आठ मजूर हाताखाली घेऊन पंख जोडले. हाका मारून, हाताने खुणा करून तो माणसं कामाला लावायचा तेव्हा हा आपला दादाच का, असं मला वाटायचं. शेड झाडायला जवळच्या पाड्यातली एक आगरी बाई यायची, चाळिशीची, काटक. तिच्याशी तो बोलायचा. ती घरून भाकरी आणि सुकट आणायची, तो आमच्या घरात निषिद्ध असलेली ती सुकट तिच्या पानातून उचलून खायचा आणि मला डोळ्यांनी खुणवायचा की घरी सांगू नकोस.

या विमानाला दोघं लागत. पुढे पायलट, मागे गनर, एकमेकांकडे पाठ करून. दोघांवर मिळून काचेचं लांबट छत, मागचा भाग सरकवून बंद करायचा. एका रविवारी दादा बाहेर पंखावर बसून ती काच पुसत होता. मी विचारलं, "तुला काय दिसायचं रे मागून?"

"विमान नाक खाली करून सूर मारायचं," तो म्हणाला. "पायलटला खालची जमीन दिसे, मला नुसतं आभाळ. बॉम्ब सोडला की विमान वर उचलायचं. मग त्याला आभाळ आणि मला जमीन." तो थोडा वेळ काच पुसत राहिला. "टाकायचा तो. पडलेला बघायचो मी. दर वेळी. एकदा खाली बाजार होता. आठवड्याचा बाजार असावा. आम्हाला सांगितलं होतं लष्करी गुदाम आहे म्हणून."

"मग?"

"मग काय. टोपल्या दिसत होत्या. बायका दिसत होत्या. मी बघत होतो, कारण त्या खुर्चीत बसल्यावर दुसरीकडे बघताच येत नाही." आणि मग म्हणाला, "हे कुणाला सांगू नकोस."

मी त्याच दुपारी चिटणिसांना सांगितलं. त्यांना माझ्याशी काहीतरी बोलायला हवं होतं आणि माझ्याजवळ दुसरं सांगण्यासारखं नव्हतं. ते मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बाजाराचं राहू द्या. पण मागची खुर्ची ही कल्पना फार छान आहे. लोकांना रिकामं विमान दाखवून काय होणार? त्यात माणूस हवा."

त्या आधीच एक खटका उडाला होता. दादाने विमान इतकं नीट केलं होतं की समितीतल्या एका सभासदाला ते पसंत पडेना. "युद्धातलं वाटत नाही. गोळ्या लागलेल्या दिसायला हव्यात." दादा म्हणाला, या विमानाला एकही गोळी लागलेली नाही. त्यावर चिटणिसांनी एक सुतार बोलावला आणि ड्रिलने डाव्या बाजूला भोकं पाडून घेतली, ओळीत, सारख्या अंतराने. दादा म्हणाला, "गोळी अशी लागत नाही. पत्रा आत वळतो." मग चिटणीस म्हणाले, "तर तुम्ही करून दाखवा." आणि दादाने ते केलं. मन लावून धुतलेल्या, मेण लावलेल्या पत्र्यावर स्वतः पंच आणि हातोडा घेऊन त्याने खोट्या गोळ्यांची भोकं खऱ्यासारखी केली. त्या दिवशी तो जेवला नाही. मी फलक लिहिला: शत्रूच्या गोळीबाराच्या खुणा.

उद्घाटन मे महिन्यात ठरलं. चिटणिसांनी मला सांगितलं, "तुमच्या बंधूंनी गणवेश घालून मागच्या खुर्चीत बसावं. छत बंद. लोक बाजूच्या जिन्याने चढून बघतील. माझी आईही येणार आहे. तिने त्यांना त्या रूपात एकदा पाहिलं की तिच्या मनातलं सगळं जाईल." शेवटचं वाक्य त्यांनी हळू आवाजात म्हटलं.

मी घरी येऊन दादाला सांगितलं. तो अंगणात हात धूत होता.

"विमान पुसायला सांग, रंगवायला सांग," तो म्हणाला. "त्यात बसायचं तेवढं सोडून काहीही सांग."

"अर्धा तास तर बसायचंय."

"छत उघडं ठेवतील?"

"नाही. उघडं बरं दिसत नाही."

"मग नाही जमणार गं."

मी तेव्हा जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "संडासाचं दार लावत नाहीस, तिथवर मी सहन केलं. माझं लग्न मोडलं तर तुला अण्णांच्या मागे कोण बघणार आहे? मी बघणार नाही. तुला वेड्यांच्या इस्पितळात ठेवायला सांगेन आणि भेटायलाही येणार नाही."

ठाण्याला वेड्यांचं इस्पितळ होतं. टांगा त्या बाजूने जायचा तेव्हा दादा तिकडे बघत नसे, हे मला माहीत होतं. म्हणूनच मी ते बोलले. त्याने हात पंच्याला पुसले, मग तोंड पुसलं, ते बराच वेळ पुसत राहिला. "बरं," म्हणाला. "तू जवळ उभी राहशील?"

"राहीन," मी म्हटलं.

उद्घाटनाला दोनतीनशे माणसं आली असतील, अण्णाही आले होते. शाळेची मुलं रांगेने आणली होती. सकाळचे अकरा वाजले होते आणि पत्र्याची शेड तापून तिच्यातून ताडताड आवाज येत होते. दादाचा गणवेश सैल झाला होता, मी मागून टाचण्या लावून तो बसवला. तोफा लष्कराने कधीच काढून नेल्या होत्या, त्यांच्या जागी काळा रंग दिलेले नळाचे पाइप होते. दादा पाइपांमागे बसला. चिटणिसांनी छत सरकवलं आणि मुलांनी उघडू नये म्हणून बाहेरच्या कडीला तार गुंडाळली. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर, त्याच्या समोर, काचेपासून हातभर अंतरावर, हातात छडी घेऊन उभी होते. छडीने पंख, शेपूट, तोफा दाखवायच्या आणि माहिती सांगायची.

पहिली दहा मिनिटं बरी गेली. दादाने सलाम केला. खाली टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत खुर्चीवर चिटणिसांच्या आई बसल्या होत्या, जरीच्या काठाचं लुगडं, हातात पंखा. मी माहिती सांगत होते आणि त्या माझ्याकडे बघत होत्या, विमानाकडे नव्हे.

मग मुलं वर यायला लागली. प्रत्येक जण काचेवर टकटक करून जायचा. कुणी जीभ दाखवायचं. दादाच्या चेहऱ्यावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. त्याचे ओठ हलायला लागले. मला ऐकू येत नव्हतं, पण तो माझं घरातलं लाडाचं नाव घेत होता हे ओठांवरून कळत होतं. मी छडी शेपटीकडे वळवली आणि पुढचं वाक्य सांगितलं.

त्याने तळहात काचेला लावले. मग मूठ मारली. मग दोन्ही मुठी. खाली लोकांना वाटलं हे कार्यक्रमातलंच आहे, युद्धाचा देखावा. कुणीतरी शिट्टी मारली. चिटणीस कर्ण्यावरून म्हणाले, "पाहा, आपला गनर शत्रूवर कसा तुटून पडतो." टाळ्या वाढल्या. दादा आत ओरडत होता, तोंड उघडं, मानेच्या शिरा ताणलेल्या. त्याच्या खाकी विजारीवर काळा ओला डाग पसरताना मला दिसला. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते. तार सोडवायला मला फार तर दहा सेकंद लागले असते.

माझ्या मनात काय होतं हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारत आलेय. काही मोठं नव्हतं. चिटणिसांच्या आई बघतायत. आणखी पाच मिनिटं. तार सोडली तर सगळ्यांना कळेल. एवढंच.

शेड झाडणारी ती आगरी बाई मागे खांबापाशी उभी होती. ती गर्दीतून वाट काढत आली, लुगड्याचा काष्टा खोचलेलाच होता, थेट पंखावर चढली.

"गो, तो मानूस मराला लागलाय आतमधी," ती मला म्हणाली. "तुला दिसत नाय का?"

तिने तार दातांनी आणि बोटांनी ओढून काढली आणि छत मागे ढकललं. दादा बाहेर पडला तो पंखावर, आणि पंखावरून खाली जमिनीवर. तिथे तो गुडघे पोटाशी घेऊन बसला. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली होती. त्याच्या विजारीकडे बोट दाखवून आधी मुलं हसली, मग मोठेही. बाईने आपल्या डोक्यावरचं फडकं सोडून त्याच्या मांडीवर टाकलं आणि हसणाऱ्यांकडे पाठ करून त्याच्यापुढे बसून राहिली. मी जिन्यावरच होते, छडी हातात धरून.

अण्णा आमच्याबरोबर स्टेशनपर्यंत टांग्यात आले. स्टेशनवर उतरल्यावर दादाकडे न बघता म्हणाले, "ब्रह्मदेशातच मेला असतास तर फोटोला हार तरी घातला असता." दादाचा हात त्या बाईच्या फडक्यात गुंडाळलेला होता. तो पुढे चालायला लागला आणि आमच्या डब्यात चढला नाही. त्या दिवसापासून तो डोंबिवलीच्या घरी आला नाही. ठाकुर्लीला वीजघराजवळ खोली घेऊन राहिला. त्याचे कपडे अण्णांनी एका हमालाकडून पाठवून दिले.

मी धरून चालले होते की लग्न मोडलं. चौथ्या दिवशी मध्यस्थ पेढे घेऊन आले. चिटणिसांच्या आईंचा निरोप त्यांनी जसाच्या तसा सांगितला: "भावाचं काय ते राहू दे, तो आता तुमच्यात राहत नाही म्हणतात. पण मुलगी धीराची आहे. भाऊ आत ओरडत होता तरी जागची हलली नाही, बोलताना अडखळली नाही. अशी मुलगी मला घरात हवी."

अण्णांनी पेढा तोंडात घातला. मीही घातला.

लग्नाला दादा आला नाही, त्याला कुणी बोलावलंही नव्हतं. सासरी मला काही कमी नव्हतं. सासूबाई पाहुण्यांना ती गोष्ट सांगायच्या, माझ्या देखत, कौतुकाने. हे, म्हणजे ते चिटणीस, लग्नानंतर महिन्याभराने एकदा संग्रहालयातून आले आणि म्हणाले, "मागच्या छताच्या काचेला आतून तडे गेलेत. बदलायची म्हटली तर तशी काच कुठे मिळणार? लोक विचारतात ते कशाचे. एक फलक लिही."

"काय लिहू?"

"लिही, शेवटच्या चकमकीत गनर जखमी झाला तेव्हाचे."

मी शाई काढली आणि लिहिलं. माझं अक्षर तेव्हा फार सुरेख होतं. तो फलक चारपाच वर्षं तिथे होता. सहलीची मुलं तो मोठ्याने वाचायची.

पुढे लोक येईनासे झाले. कुणी मेण लावत नव्हतं, खारी हवा आपलं काम करत होती, पत्र्याला हात लावला की पापुद्रे निघायचे. शेडची जागा एका नव्या कारखान्याला हवी होती. समितीने बॉम्बर भंगारवाल्याला द्यायचं ठरवलं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की दादाला जाऊन हे सांगावं. सहा वर्षांत मी त्याच्याकडे गेले नव्हते. यांना न सांगता दुपारची ठाकुर्लीला उतरले.

एक खोली, दार सताड उघडं. तो दुपारपाळीला निघायच्या तयारीत होता. मला बघून त्याने स्टोव्ह पेटवला, चहा केला, कपाला कान नव्हता म्हणून खाली बशी दिली. केस बरेच पिकले होते. उजव्या हाताची ती दोन बोटं सरळ होत नव्हती, तो कप डाव्या हाताने धरायचा.

"विमान मोडतायत," मी म्हटलं.

"हं. कुठून तरी मोडायला घ्यावंच लागणार," तो म्हणाला, जणू एखाद्या कामगाराला काम समजावतोय. "पंख आधी उतरवायला सांग, नाहीतर कलंडेल. माणूस सापडेल खाली."

मी सांगेन म्हटलं. मग मी रडायला लागले आणि काहीतरी बोलायला लागले, माझं वय लहान होतं, अण्णांचा धाक होता, असं काहीबाही. तो ऐकत होता. स्टोव्हची हवा सोडली. मग म्हणाला, "मी शेपटीकडे तोंड करून बसलो होतो ना, मला समोर फक्त तू दिसत होतीस. मुलं आली गेली. तू सारखी तिथेच. मला वाटलं, ही बघतेय, म्हणजे उघडेल."

वीजघराचा भोंगा झाला. त्याने चपला घातल्या, डबा उचलला. "चहा संपव," म्हणाला, "आणि जाताना दार लावू नकोस."

तो रुळांच्या कडेने वीजघराकडे चालत गेला. मी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि चारच्या गाडीने ठाण्याला परत आले. संध्याकाळी यांना सांगितलं की पंख आधी उतरवायला हवेत. ते म्हणाले, भंगारवाल्याला त्याचं काम कळतं.